जावईशोध

जावईबापूंच्या डाव्या मनगटावर घड्याळ असे आणि ते कायम बंद असे. नवख्या माणसाला वाटे, बिचाऱ्याला सेल टाकायला सवड झालेली दिसत नाही. जुन्यांना ठाऊक होतं की ते घड्याळ वेळ बघायला नव्हतंच. डावं कुठलं आणि उजवं कुठलं, एवढंच बघायला होतं. शाळेत कवायतीला मास्तरांनी "उजवीकडे वळा" म्हटलं की अख्खी रांग एकीकडे आणि हे एकटे रांगेकडे तोंड करून उभे. "अरे, ज्या हातानं लिहितोस त्या हाताला वळ!" असं मास्तर ओरडत, पण ओरडा बसला की आपण कुठल्या हातानं लिहितो हेही आठवेनासं होई. शेवटी आईनं मनगटाला दोरा बांधला. दोरा जाऊन घड्याळ आलं, घड्याळ बंद पडलं, पण दिशा दाखवायचं काम ते इमानेइतबारे करत राहिलं.

हा गोंधळ डाव्या-उजव्यापुरताच राहिला असता तर काही बिघडत नव्हतं. पण जो माणूस लहानपणापासून उठता-बसता चुकतो, त्याला सवयच लागते: कुठेही काही वाकडं झालं की आधी आपलंच चुकलं असेल असं धरून चालायचं. दाराला धडकले तर दाराचीच माफी मागतील असे हे गृहस्थ. लग्न झालं तेव्हा सासऱ्यांचं लाकडी सामानाचं वर्कशॉप होतं आणि त्यांना मुलगा नव्हता. जावई हाताखाली मदतीला म्हणून आले आणि तिथलेच झाले. फळ्या आणणाऱ्या टेम्पोवाल्यापासून पाण्याच्या बिलवाल्यापर्यंत सगळे त्यांना जावईबापूच म्हणत. त्यांचं खरं नाव त्यांना स्वतःलाही सही करतानाच आठवत असावं.

सासरे म्हणजे गुण्या मिस्त्री. गुण्या हे काही त्यांचं नाव नव्हे. काटकोन तपासायला सुताराकडे जे दोन पट्ट्यांचं हत्यार असतं, त्याला गुण्या म्हणतात. कोपरा काटकोनात बसला तर तो 'गुण्यात' आहे, नाहीतर 'गुण्यात नाही'. मिस्त्रींना ते हत्यार लागतच नसे, म्हणून लोकांनी त्यांनाच ते नाव देऊन टाकलं होतं. फळी उचलायची, डोळ्यासमोर धरायची, डावा डोळा मिटायचा, उजव्यानं कडेवरून नजर टाकायची आणि निकाल द्यायचा. त्या निकालावर अपील नसे. कुणी संशय घेऊन टेप लावलीच, तर टेप मिस्त्रींच्याच बाजूनं साक्ष देई. "टेप म्हणजे आंधळ्याची काठी," ते म्हणत, "ज्याला दिसतं त्यानं कशाला धरायची?" लेकीला आणि जावयाला त्यांनी "गुण्यागोविंदानं नांदा" असा आशीर्वाद दिला तेव्हा 'गुण्या'वर असा काही जोर दिला होता की आजूबाजूचे सगळे हसले होते.

जावयाशी मात्र त्यांचं वागणं फार अदबीचं. जावयाला अरेतुरे करायचं नाही, आवाज चढवायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे त्यांचा रागसुद्धा अहोजाहोत चाले. "जावईबापू, आपण शुद्ध गाढवपणा केलात," हे ते अशा सुरात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, सत्कार चाललाय. आणि जावयांनी काही नवं सुचवलं की त्यांचा शब्द ठरलेला असे. "हं," ते म्हणत, "जावईशोध." झालं, तो विषय तिथेच मिटे.

सीएनसी मशीन हा या सगळ्या जावईशोधांचा कळस. एक कारखाना बंद पडत होता, तिथलं जुनं मशीन जावईबापूंनी हट्टानं आणवलं होतं. आयुष्यात त्यांनी केलेला हा एकच हट्ट. चार माणसं झोपतील एवढं टेबल, टेबलावर आडवा लोखंडी पूल, पुलाचे दोन पाय दोन बाजूंच्या रुळांवर, आणि पुलाला लटकलेलं कापायचं पातं. कॉम्प्युटरवर आकार काढून द्यायचा, की पूल पुढे-मागे सरकतो, पातं आडवं धावतं आणि फळी कापून तयार. जावईबापूंचा या यंत्रावर जीव होता, आणि त्याचं कारण त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मशीनला डावं-उजवं सांगावं लागत नाही. आकडा सांगितला की ते आपलं आपण जातं. साऱ्या जगात ही एकच जागा होती जिथे त्यांना घड्याळाकडे बघावं लागत नसे.

वर्कशॉपच्याच गल्लीच्या टोकाला एक शिंपीणबाई होत्या. त्यांना दुकानाची एक भिंत भरून कप्पे हवे होते, कापडाचे तागे ठेवायला. सगळे कप्पे चौरस, एकावर एक, जमिनीपासून छतापर्यंत. असल्या कामात एक कोपरा वाकडा गेला तर वरचा प्रत्येक कप्पा त्याची री ओढतो आणि छतापर्यंत जाईस्तोवर अख्खी भिंत कलते. प्लायवूड ठेवायला जागा हवी म्हणून मशीन ढकलून पलीकडच्या भिंतीला लावलं, आणि ढकलताना पूल खांबावर आपटला. त्यानंतर जी पहिली फळी कापली, ती मिस्त्रींनी उचलली, डावा डोळा मिटला आणि खाली ठेवली.

"गुण्यात नाही," ते म्हणाले.

जावईबापूंनी टेप लावली. खरंच नव्हती. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन अंतरं, शाळेत ज्यांना कर्ण म्हणतात ती, सारखी भरली तर चौकोन गुण्यात. इथे एक लांब आणि एक आखूड येत होता.

"जावईबापू," मिस्त्री अदबीनं म्हणाले, "बाईंचे कप्पे गुण्यात आले तर आपलं मशीन राहील. नाही आले तर भंगारवाल्याला बोलावू आणि हातानं कापू. पूर्वी कापतच होतो." एवढं बोलून ते रंधा घेऊन आपल्या टेबलाकडे गेले.

दोष काय आहे ते त्यांना लवकर सापडलं. पुलाच्या दोन्ही पायांना वेगवेगळी मोटर असते. काम सुरू करण्याआधी दोन्ही पाय मागे जातात आणि आपापल्या सेन्सरपाशी थांबतात. खांबाच्या धक्क्यानं एका बाजूचा सेन्सर जागचा हलला होता. त्यामुळे एक पाय किंचित पुढे थांबायचा, आणि एक खांदा पुढे काढून चालणाऱ्या माणसासारखा अख्खा पूल तिरका चालायचा. उपाय सोपा होता. सेन्सरचा नट पान्यानं थोडा फिरवायचा, पूल मागे नेऊन परत आणायचा, एक फळी कापायची, कर्ण मोजायचे, परत नट. फक्त नट कुठल्या बाजूचा आणि फिरवायचा कुणीकडे, एवढाच प्रश्न होता, आणि नेमका तोच प्रश्न जावईबापूंना आयुष्यभर पडत आलेला होता. मशीनच्या पुढून डावी असलेली बाजू मागून उजवी होते. घड्याळ बघून फिरवला तर फरक दुप्पट झाला. घड्याळ न बघता फिरवला तर कमी झाला. शेवटी खडूनं एका पायावर फुली मारली आणि डावं-उजवं सोडून 'फुलीचा' आणि 'बिनफुलीचा' असा हिशेब धरला, तेव्हा कुठे दोन्ही कर्ण तंतोतंत सारखे आले. जावईबापू शीळ घालत फळी घेऊन सासऱ्यांकडे गेले.

मिस्त्रींनी डावा डोळा मिटला. वेळ घेतला. फळी फिरवून परत बघितली.

"गुण्यात नाही."

"मामा, टेपनं तर..." सासऱ्यांना ते मामा म्हणत.

"टेप," मिस्त्री म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. पुढचं सगळ्यांना पाठ होतं.

आता दुसरा कुणी असता तर वाद घातला असता. जावईबापू परत मशीनपाशी आले आणि स्वतःवर संशय घेत बसले. टेपच्या टोकाचा हूक सैल असेल. म्हणून टेप सोडली आणि लाकडी पट्टीवर पेन्सिलची खूण करून कर्ण ताडून बघितले. सारखे. मग खुद्द मिस्त्रींनीच पूर्वी शिकवलेली युक्ती केली: फळी मधून चिरायची, एक तुकडा पालथा घालायचा आणि दुसऱ्याच्या कडेला लावायचा. कोन चुकला असेल तर मध्ये फट पडते, तीही दुप्पट होऊन. फट पडली नाही. त्यांनी तेच तुकडे मिस्त्रींसमोर धरले.

"ही काय फट," मिस्त्री म्हणाले. "मधोमध. नख जाईल अशी."

जावईबापूंनी डोळे फाडून बघितलं. फट नव्हती. त्यांनी तुकडा उजेडाकडे धरला. उजेडाची रेघ नव्हती. मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"दिसली?"

"हो हो," जावईबापू म्हणाले. "आहे खरी."

संध्याकाळी ते निमूटपणे चष्म्याच्या दुकानात गेले. सासऱ्यांना जी फट दिसते ती आपल्याला दिसत नाही, याचा अर्थ उघड होता. दुकानदारानं त्यांना खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. जावईबापूंनी सगळ्यात खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली, आणि तरी "नीट बघा हो" म्हणून त्याला पुन्हा तपासायला लावलं. दुकानदार शेवटी वैतागला. "तुमची नजर घारीसारखी आहे," तो म्हणाला. "ज्याला लागत नाही त्याला मी चष्मा विकत नाही." इतर कुणाला याचा आनंद झाला असता. जावईबापू बाहेर येऊन फुटपाथवर उभे राहिले, घड्याळाकडे बघितलं आणि चुकीच्या दिशेनं घरी निघाले.

बायको वर्कशॉपात पॉलिशचं काम करी. घरीही तिच्या बोटांना पॉलिशचा वास असे.

"डोळे चांगले आहेत म्हणाला," त्यांनी तिला सांगितलं. "मग फट का दिसत नाही मला?"

"मला तरी कुठे दिसली? मीही वाकून बघितली होती."

"पण बाबा म्हणतात ना."

"हो. बाबा म्हणतात." त्या घरात या दोन शब्दांपुढे बोलायचं काही उरत नसे. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आज बाबांनी चहा बशीच्या बाहेर ओतला. आणि सारखं म्हणतात, वर्कशॉपच्या दाराची चौकट बसलीये, वाकलीये. मी बघितली. मला तर आहे तशीच दिसते."

"हात थरथरला असेल," जावईबापू म्हणाले. "आणि चौकट जुनी आहेच." बशी आणि चौकट दोन्ही बाजूला सारून ते पुन्हा आपल्या फटीचा विचार करायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कधी केला नव्हता असा प्रकार केला. टेप खणात टाकली, खण लावला आणि नट फिरवायला लागले. एक फळी कापायची, मिस्त्रींना दाखवायची. "गुण्यात नाही." परत नट. "नाही." परत नट. "जवळ आलं." फळ्यांचा ढीग साठला, जमिनीवर भुशाचा थर चढला. आणि मग एका फळीपाशी मिस्त्रींचा उजवा डोळा थांबला, कपाळावरची आठी गेली. "आता आलं गुण्यात," ते म्हणाले. "बघा, जमतं की तुम्हाला. आता हात लावू नका त्याला."

मशीन वाचलं होतं. जावईबापूंना हायसं वाटायला हवं होतं. पण डोक्यात काहूर माजलं होतं. जे बरोबर होतं ते वाकडं ठरलं, जे वाकडं केलं ते बरोबर ठरलं. मग बरोबर म्हणजे काय, हेच त्यांना कळेनासं झालं. त्यांनी स्वतःच्या लिहायच्या हाताकडे बघितलं आणि तो नक्की लिहायचाच आहे ना, अशी शंका त्यांना चाटून गेली.

पहिल्या रांगेचे कप्पे कापून, ठोकून तयार झाले. मिस्त्रींनी एकेकाला पसंती दिली. बायको पॉलिशचं फडकं घेऊन समोर बसली, काही वेळ घासलं आणि मान तिरकी करून बघत राहिली.

"अहो, हे कप्पे एका अंगाला झुकलेत का?"

"बाबा म्हणाले गुण्यात आहेत."

तिनं मान सरळ केली. मग परत तिरकी केली. "मान तिरकी केली की बरे दिसतात," ती म्हणाली, आणि दोघंही हसली नाहीत.

शिंपीणबाई आल्या त्या काखेत कापडाचा तागा घेऊन. कप्प्यात तागा बसतो का ते बघायला आल्या होत्या. कापड चौकडीचं होतं, पांढऱ्यावर निळ्या बारीक रेघांचे चौकोन. त्यांनी तागा उलगडून कापड कप्प्याच्या तोंडावर धरलं आणि त्यांचे हात तिथेच थांबले. कापडाची रेघ कप्प्याच्या कडेला वर टेकली होती आणि खाली बोटभर लांब गेली होती.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "तिरके आहेत हो कप्पे."

वर्कशॉपात असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. जावईबापूंनी सवयीनं "माझंच चुकलं" म्हणायला तोंड उघडलं. पण मिस्त्री आधीच पुढे झाले होते. त्यांनी बाईंच्या हातातून कापड घेतलं, फळी धरावी तसं डोळ्यासमोर ताणून धरलं, डावा डोळा मिटला आणि निकाल दिला.

"कप्पे बरोबर आहेत, बाई. तुमचं कापडच वाकडं विणलंय. हे बघा, मधोमध. रेघा आत ओढल्यात, चौकडी दबलीये. इथे तर रेघ तुटलीच आहे."

शिंपीणबाईंना हसू आलं. "अहो, जन्म गेला माझा चौकडी जुळवण्यात. सरळ आहे ते." मग त्यांनी मिस्त्रींचा चेहरा बघितला आणि त्यांचं हसू मावळलं. मिस्त्री थट्टा करत नव्हते. बाईंनी जावयाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, "येते मी उद्या" असं काहीतरी पुटपुटल्या आणि कापड तिथेच सोडून निघून गेल्या.

जावईबापू त्या चौकडीकडे बघत राहिले. सरळ होती. अगदी सरळ. फट नव्हती. चौकट वाकलेली नव्हती. टेप खोटं बोलत नव्हती आणि मशीन तर पहिल्याच दिवशी गुण्यात आलं होतं. डोक्यात आधी एकच विचार आला: म्हणजे मी बरोबर होतो! आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: म्हणजे मामांचा डोळा... आयुष्यात पहिल्यांदा ते बरोबर निघाले होते, आणि काहीही करून आपण चुकलेलो असावं असं त्यांना इतकं तीव्रतेनं कधीच वाटलं नव्हतं. मिस्त्रींकडे जमीन नव्हती, शिक्षण नव्हतं. होता तो एक डोळा. त्यावर त्यांनी घर उभं केलं होतं.

बोलायचं नाही असंही करता आलं असतं. तसं त्यांच्या मनात येऊनही गेलं. तिरके कप्पे गपचूप परत सरळ कापायचे, मिस्त्रींना निजायला पाठवून. पण मग उद्या तो डोळा जिन्यावर फसेल, परवा करवतीवर.

"मामा," ते म्हणाले, "डोळा बदलून बघा."

"म्हणजे?"

"म्हणजे जो मिटता तो उघडा, आणि जो उघडा ठेवता तो मिटा. म्हणजे डावा... नाही, उजवा मिटा. की डावा?" त्यांनी घड्याळाकडे बघितलं. पण दोघं समोरासमोर उभे होते, आणि समोरच्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो की डावीकडे, इथे ते घड्याळही गप्प होतं. इतक्या मोठ्या गोष्टीत चुकीचा डोळा सांगितला तर? शेवटी ते टेबलाला वळसा घालून गेले आणि सासऱ्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, त्याच दिशेला तोंड करून उभे राहिले. घड्याळाचा हात वर केला.

"या बाजूचा उघडा," ते म्हणाले. "पलीकडचा मिटा."

मिस्त्रींनी तसं केलं. कापड त्यांच्या हातात ताणलेलंच होतं. त्यांनी डोळा बदलला. परत बदलला. पॉलिशचं फडकं हातात धरून लेक उभी राहिली होती. मिस्त्रींनी कापड खाली ठेवलं, कप्प्यासमोर बसले आणि त्या दुसऱ्या डोळ्यानं कप्प्याची कड बघितली.

"तिरका आहे," ते म्हणाले.

ते स्टुलावर बसले आणि फळीच्या कडेवरून उगाच अंगठा फिरवत राहिले.

"ती फट. नव्हतीच ना?"

"नव्हती."

"तुम्हाला दिसत नव्हती?"

"नाही."

"मग हो कशाला म्हणालात?"

जावईबापूंना खोटं सुचेना. "तुम्ही म्हणालात म्हणून."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं, आधी दोन्ही डोळ्यांनी, मग नुसत्या डाव्यानं. "अरे गाढवा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला, "मग बोलायचं नाही का रे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जावयाला अरेतुरे केलं होतं. जावईबापू खाली मान घालून उभे राहिले. ओरडा बसल्यावर आपण खूश का झालो, हे त्यांना समजेना.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातले, यंत्रातून फोटो काढले आणि पडद्यावर दाखवले. डोळ्याच्या आतल्या पडद्याला मधोमध सूज आली होती, खालून पाणी झिरपत होतं. म्हणून सरळ रेघा वाकड्या दिसत होत्या. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, त्यानं पुढचं नुकसान थांबेल. गेलेलं सगळं परत येईल असं नाही. डाव्या डोळ्यावरही लक्ष ठेवायला हवं. "एका डोळ्याचं लोकांच्या लक्षातच येत नाही," त्या म्हणाल्या, "दुसरा सांभाळून घेतो ना. अजून थोडे दिवस गेले असते तर या डोळ्याला मधलं काही दिसलं नसतं. कुणाच्या लक्षात आलं हे?"

"जावईशोध आहे हो," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना वाटलं म्हातारा विनोद करतोय, म्हणून त्या हसल्या. लेक मात्र खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. जावईबापूंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी किती वाजले ते बघितलं.

पहिलं इंजेक्शन झालं. मिस्त्री काळा चष्मा लावून वर्कशॉपात आले आणि सगळ्यात आधी मशीनपाशी गेले. मशीन अजून तसंच होतं, त्यांच्या डोळ्याला जुळवलेलं. हात लावू नका म्हणाले होते, म्हणून जावईबापूंनी हात लावला नव्हता.

"कर सरळ," मिस्त्री म्हणाले.

जावईबापूंनी पाना घेतला. नट फिरवला, पूल मागे नेला, परत आणला, फळी कापली. भुसा झटकून फळी टेबलावर ठेवली आणि जुन्या सवयीनं सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मिस्त्रींचा हात सवयीनंच फळी उचलायला पुढे झाला आणि मध्येच थांबला.

"ती काठी आण," ते म्हणाले.

"कसली?"

"आंधळ्याची."

जावईबापूंनी खण उघडून टेप आणली. फळी मोठी होती, एकट्यानं टेप ताणली तर टोक निसटतं. मिस्त्रींनी एक टोक घेतलं, चाचपून कोपऱ्यावर बसवलं आणि अंगठ्यानं दाबलं. जावईबापूंनी दुसऱ्या कोपऱ्यावर आकडा वाचला. मग दोघं फळीभोवती फिरून दुसऱ्या दोन कोपऱ्यांना गेले.

"काय म्हणते?"

जावईबापूंनी पुन्हा वाचला, वाकून वाचला. आजवर फक्त सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य आता त्यांना म्हणायचं होतं, आणि ते जिभेवर येईना.

"गुण्यात नाही, मामा," ते शेवटी म्हणाले. "अजून केसभर बाकी आहे."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या." त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग मशीनकडे. खडूची फुली पुसली गेली होती. ते मशीनच्या पुढे होते की मागे, हेही आता त्यांना नक्की सांगता येईना. "म्हणजे इथून डाव्या. नाही, थांबा. तिकडून डाव्या. म्हणजे..."

"तू म्हणशील ती डावी," मिस्त्री म्हणाले, आणि टेपचं आपलं टोक घट्ट दाबून धरून उभे राहिले.